उचल आणि हजेरी

दिवाळी अंक घरोघरी पोचतात, त्याच सुमाराला पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर टेम्पो येऊन लागतात. भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते. पहिल्या सत्राची परीक्षा होऊन शाळेला सुट्टी लागलेली असते. टेम्पोत भांडी चढतात, गोधड्या चढतात, तांदळाचं पोतं, दोन-चार कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर मुलं. कुणी पनवेल, कर्जत, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातं, कुणी घाट चढून थेट सोलापूर-कर्नाटकातल्या कोळशाच्या भट्ट्यांवर. सुट्टी संपते, गुरुजी हजेरीपट उघडतात आणि एकामागून एक नावं पुकारली तरी ‘हजर’ येत नाही. ही मुलं परततात ती पावसाच्या तोंडावर, मेअखेरीला. तेव्हा शाळेला पुन्हा सुट्टीच असते.

गरिबीमुळे शिक्षण सुटतं, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यावर आता कुणी थांबून विचार करत नाही. गरिबी म्हणजे पैसा कमी, एवढंच धरलं की उपायही सोपे वाटू लागतात. दप्तरं वाटा, वह्या वाटा, फोटो काढा. पण कोकणातल्या वाडीवरच्या गरिबीला स्वतःचं एक वेळापत्रक आहे. पैसा किती कमी आहे, यापेक्षा तो कोणत्या महिन्यात मुळीच नसतो, हे तिथं जास्त महत्त्वाचं ठरतं.

आषाढात लावणी आटोपली की मजुरी थांबते. पुढचे दोन-अडीच महिने रानभाज्या, खेकडे, ओढ्यातले मासे, रेशनचे तांदूळ आणि दुकानदाराची उधारी यांवर काढायचे. त्यात कुणी तापानं फणफणलं, बाळंतपण आलं, छपराचे पत्रे उडाले, तर हातात रोख दमडी नसते. नेमका याच वेळी, श्रावणात किंवा गणपतीच्या आसपास, भट्टीचा मुकादम वाडीवर चक्कर मारतो. तो देतो ती उचल. कागद नाही, जामीन नाही, बँकेचा खेटा नाही. मागितल्या क्षणी पैसे हातात. बदल्यात पुढच्या सहा महिन्यांची मजुरी गहाण पडते. नवरा-बायकोची तर पडतेच, पण कुणी न बोलता मुलांचीही पडते. भट्टीवर माती मळणं, फर्म्यात विटा पाडणं ही कामं ऊन चढायच्या आत, मध्यरात्रीनंतर सुरू होतात. ओल्या विटा पलटायला, सुकलेल्या रचायला आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला लहान हात लागतातच. आठवड्याला बाजारापुरती ‘खर्ची’ मिळते, पक्का हिशोब हंगामाच्या शेवटी. त्यात उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर.

कायद्यानं हे कधीच बंद झालं आहे. वेठबिगार पद्धती रद्द करणारा कायदा १९७६ चा. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं. रायगडमध्ये उल्का महाजन यांचं सर्वहारा जन आंदोलन, सुरेखा दळवी, वैशाली पाटील अशा कार्यकर्त्यांनी आदिवासींच्या जमिनी आणि मजुरीचे प्रश्न लावून धरण्यात आयुष्यातली कित्येक वर्षं घातली. तरी उचल टिकून आहे, कारण श्रावणात रोख पैसे देणारा दुसरा कुणी वाडीवर येत नाही.

म्हणून माझ्या मते गळतीचा खरा महिना नोव्हेंबर नव्हे, ऑगस्ट. ऑगस्टमध्ये मूल वर्गात बसलेलं असतं, पाढे म्हणत असतं, झेंडावंदनाला ओळीत उभं असतं. पण त्याचं दुसरं सत्र तोवर विकलं गेलेलं असतं.

आता याच पेण तालुक्यातलं जोहे पाहा. पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूर नावाचं लहानसं स्थानक आहे. तिथून पुढे हमरापूर, कळवे, तांबडशेत, जोहे या सगळ्या पट्ट्यात घराला लागून कारखाना आणि कारखान्याला लागून घर. कारखाना म्हणजे गणपतीचा. पेण शहरात देवधरांसारख्या घराण्यांनी रुजवलेली ही कला या गावांत पसरली आणि इथं तिचा मोठा व्यवसाय झाला. रबरी साचे, प्लास्टर, मजबुतीला काथ्या, कच्च्या मूर्तीची घासणी, मग रंगकाम आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणाऱ्याचा हात स्थिर लागतो आणि त्याचा मानही वेगळा.

या धंद्याचं वेळापत्रक भट्टीच्या अगदी उलट आहे. काम सुरू होतं गणपती-दिवाळीनंतर आणि त्याचा जोर वाढत वाढत आषाढ-श्रावणात टिपेला पोचतो. म्हणजे शेतमजुरी थांबते तेव्हा इथं हातांची चणचण असते. काम छपराखालचं, त्यामुळे पाऊस ते अडवत नाही. ते बाया-पुरुष दोघांना मिळतं. मुख्य म्हणजे संध्याकाळी घरी परतता येतं. ज्या घराला चालत जाण्याच्या अंतरावर पावसाळ्यात रोज मिळतो, त्याला मुकादमाची वाट पाहावी लागत नाही आणि त्या घरातल्या मुलाचं नाव जानेवारीतही पटावर खरंखुरं असतं. शाळेत नवं काही न करताही हे घडतं. शिक्षणतज्ज्ञांच्या परिषदांत गणपतीच्या कारखान्यांवर निबंध वाचला जात नाही. वाचला जायला हरकत नाही.

अर्थात मूर्तीचा धंदा म्हणजे रामबाण नव्हे. आईबाप दोघंही रंगकामात गुंतलेले असले आणि गणपती महिन्यावर आलेला असला की घरातली मोठी मुलगी चूल, पाणी आणि धाकट्यांच्या मागे असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरी कायदा चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सर्रास मनाई करतो, पण घरच्या उद्योगात शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत मदत करायची मुभा देतो. कारखाना जिथं ओटीवरच असतो तिथं शाळेची वेळ कुठं संपते आणि मदतीची कुठं सुरू होते? बापाच्या शेजारी बसून हात वळवायला शिकणं हेही शिक्षणच, हे मला मान्य आहे. पण स्प्रेचा रंग आणि प्लास्टरची धूळ फुप्फुसात जाते, तिला हे तत्त्वज्ञान कळत नाही. कायद्यातली ती मुभा गावातल्या मुलांच्या बाजूनं वापरायची की विरुद्ध, हे ठरतं ऑर्डर किती उरल्यात यावर, आणि तिथं घरच्या माणसांनाच स्वतःवर वचक ठेवावा लागतो.

शिवाय हा सगळा डोलारा उधारीवर उभा. कारखानदार कर्ज काढून माल भरतो, पैसे मिळतात ते गणपतीच्या तोंडावर. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली आणि तालुक्यातल्या हजारो साध्या माणसांच्या ठेवी तिच्यात अडकल्या. अशा वेळी घर सर्वांत आधी काय आखडतं? क्लासची फी, मग कॉलेजची. प्लास्टरच्या मूर्तींचंही तसंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये त्यांच्या विरोधात मार्गदर्शक सूचना काढल्या, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी काटेकोरपणे पाळायला सांगितलं आणि जूनमध्ये मूर्ती घडवायला वाट मोकळी केली, ती नैसर्गिक पाण्यात विसर्जन न करण्याच्या अटीवर. पर्यावरणाची बाजू रास्त आहे. पण जानेवारी ते जून या काळात ज्या घरांनी श्वास रोखून धरला, त्यांतल्या दहावी-बारावीच्या मुलांचं काय झालं असेल, याचा विचार निकालपत्रात येत नाही आणि धोरणातही येत नाही.

जोह्याच्या कारखान्यांची मजुरी तालुक्यातल्या सगळ्या वाड्यांना पुरत नाही. २०११ च्या जनगणनेत रायगडची लोकसंख्या २६ लाखांच्या वर होती आणि त्यांत आदिवासी सुमारे साडेअकरा टक्के. त्यांतही कातकरी म्हणजे केंद्र सरकारनं ‘अतिअसुरक्षित’ ठरवलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड यांच्या जोडीची. बहुतेकांना शेतजमीन नाही. कित्येक वाड्या ज्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या वसल्या आहेत, ती सातबाऱ्यावर दुसऱ्याच कुणाच्या नावे आहे. भूदानाची हाक देणाऱ्या विनोबांचं जन्मगाव गागोदे याच पेण तालुक्यात, ही गोष्ट इथं बोलताना कुणीतरी हमखास काढतं, आणि मग थोडा वेळ कुणी काही बोलत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे, ती बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही. आसपासच्या ठाणे, पालघर आणि पुणे जिल्ह्यांचे भाग अनुसूचित क्षेत्रात येतात, रायगडचा येत नाही. त्यामुळे पेसा कायद्यानं ग्रामसभेला मिळणारे अधिकार आणि त्यामागून येणारा निधी इथल्या वाड्यांना लागू होत नाही. आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय पेणमध्ये आहे, वरवणे आणि सानेगावसारख्या शासकीय आश्रमशाळा आहेत, पण स्वतःच्या गावचा निर्णय स्वतः घेण्याचं ते हत्यार नाही.

जमीन नावावर नसण्याचा शाळेशी काय संबंध? फार जवळचा. घराखालची जमीन आपली नाही म्हणून घरपट्टी नाही, घरपट्टी नाही म्हणून रहिवासाचा पुरावा नाही. जन्म भट्टीवर झाला म्हणून जन्माचा दाखला नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरून पुरावा द्यावा लागतो आणि आपल्याकडे सगळ्यात चालणारा पुरावा म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. पणजोबा शाळेत गेले असते, तर पणतूला शिष्यवृत्तीच्या अर्जाची एवढी गरज पडली नसती. कागद नसले तर गृहचौकशीची तरतूद आहे. पण चौकशीला तलाठी किंवा मंडल अधिकारी येईपर्यंत दिवाळी उलटली, तर चौकशी करायला वाडीवर माणूसच उरत नाही. मुलाचं आधार नसेल तर नुकसान दुहेरी. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी संचमान्यता अलीकडे आधारशी जुळलेल्या पटावर होऊ लागली, म्हणजे आधार नसलेलं मूल वर्गात समोर बसलेलं असूनही त्या मोजणीत धरलं जात नाही. वाडीवरची शाळा मुळात लहान, त्यात कागदावर आणखी लहान. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, यावर २०२३ मध्ये समूहशाळांचा प्रस्ताव आला, मग २०२४ मध्ये अशा शाळांवर कंत्राटी किंवा निवृत्त शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला. डोंगरातली शाळा उठवून चार किलोमीटरवर नेली, तर सहा वर्षांचं पोर पावसात तिथवर चालत जाणार नाही. हे कळायला समिती नेमावी लागत नाही.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात अंगणवाड्या काढल्या, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. १९९० च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. भट्टीवर मजूर राहतात त्या झोपडीला भोंगा म्हणतात. उसाच्या पट्ट्यात साखरशाळा आल्या. मग १ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि या शाळा अडचणीत सापडल्या. कायद्याला हवी होती मान्यता असलेली, ठरलेल्या सोयींची शाळा. भट्टीवरच्या मुलानं जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जावं, असं ठरलं. तत्त्व म्हणून हे बरोबरच होतं, गरिबाच्या मुलाला झोपडीतली शाळा का म्हणून? पण भट्टी असते गावाबाहेर, रस्ता असतो डंपरचा, नव्या शाळेत ओळख कुणाची नाही, घरची बोली कातकरी आणि फळ्यावरची भाषा तिसरीच. जी चालत होती ती शाळा बंद पडली आणि जी हक्कानं मिळाली ती दूर राहिली.

राज्यानं शिक्षण हमी कार्ड काढलं. मूल जिथं जाईल तिथं कार्ड दाखवून त्याला वर्गात बसवायचं. शाळेबाहेरची मुलं शोधून आणायला बालरक्षक शिक्षक नेमले. आणि हंगामी वसतिगृहं केली, त्यांचा भर राहिला मुख्यतः ऊसतोडीच्या मराठवाड्यावर. यांतलं हंगामी वसतिगृह मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मूल स्वतःच्याच गावात, स्वतःच्याच शाळेत राहतं. आजी-आजोबांकडे झोपतं आणि दोन वेळचं जेवण सरकार देतं. आईबाप मुलाला भट्टीवर नेतात त्यामागे दरवेळी कामाचाच हिशोब नसतो, मागे ठेवलं तर त्याला खायला कोण घालणार हाही असतो. म्हातारीच्या वाट्याच्या रेशनवर दोन नातवंडं जगत नाहीत.

जेवणाचा हा धागा शाळेतही तितकाच पक्का आहे. दुपारच्या आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तेव्हा बऱ्याच राज्यांत कोरडं धान्य वाटलं जाई. शिजवलेलं जेवण शाळेतच मिळू लागलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर. गरीब घरातल्या मुलाला वर्गात टिकवून धरणारी याइतकी खमकी योजना आपल्याकडे दुसरी झाली नाही. तिच्यात २०२३ च्या अखेरीला महाराष्ट्रानं आठवड्याला एक अंडं घातलं आणि २०२५ च्या सुरुवातीला त्या अंड्याचा निधी आखडता घेतला. लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. कातकरी वाडीवर अंड्यासाठी वर्गणी कुणाकडे मागायची, हे त्या निर्णयात लिहिलेलं नाही.

रोख पैशाचा अनुभव याहून बोलका आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आदिवासी, अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना महाराष्ट्रात उपस्थिती भत्ता मिळतो. दिवसाला एक रुपया. योजना १९९२ ची आणि रुपया तोच. वर्षभर एकही दिवस न चुकवता गेलेल्या मुलीला २२० रुपये. मेक्सिकोनं १९९७ मध्ये असाच विचार केला, पण हिशोब नीट मांडला. मूल मजुरीवर गेलं तर घरी काय आणेल, हे पाहून त्यांनी ‘प्रोग्रेसा’ योजनेत रक्कम ठरवली. वरच्या इयत्तेला जास्त, माध्यमिकला मुलींना मुलांपेक्षा थोडी अधिक, आणि पैसे आईच्या हातात. परिणाम सर्वाधिक दिसला तो प्राथमिक संपवून माध्यमिकला जाण्याच्या वळणावर. आपल्याकडे हे वळण आठवीनंतर येतं. तोवर शिक्षण हक्काचं, पुस्तकं फुकट, जेवण शाळेत. नववीला या सगळ्याला एकदम खीळ बसते. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण एसटी वाडीपर्यंत येत नाही. ज्या वयात भट्टीवर पूर्ण माणसाची मजुरी मिळू लागते आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, त्याच वयात सरकार हात काढून घेतं. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षाही आली आहे. ती होते हंगाम ऐन भरात असताना.

रोजगार हमी महाराष्ट्रानंच देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळात तिनं लोक जगवले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कोकणात मात्र ती उचलीपुढे हरते, आणि त्याचं कारण आळस नाही. पावसात मातीकाम करता येत नाही, आणि पावसानंतर काम निघालं तरी मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, खात्यावर येते. भट्टी पैसे आधी देते, सरकार नंतर. ज्याच्या घरात आज तांदूळ नाही, त्याला यांतलं कोणतं परवडतं हे उघड आहे.

आधी पैसे देणारी एक सरकारी योजना होती. खावटी. पावसाळ्यात आदिवासी कुटुंब सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज मिळायचं, काही धान्यात, काही रोखीत. वसुली होत नाही, गैरव्यवहार होतात अशा कारणांनी ते मागे पडलं आणि थांबलं. करोनाकाळात ते एका वर्षापुरतं अनुदान म्हणून परत आलं. कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे खात्यावर आणि निम्म्याचा किराणा. तो निर्णय झाला सप्टेंबर २०२० मध्ये आणि वाटप रेंगाळलं पुढच्या वर्षात, म्हणजे ज्या श्रावणासाठी खावटी असते तो श्रावण केव्हाच उलटून गेला होता. योजनेला नाव ठेवायचं तर इथं ठेवावं. कल्पना मात्र चोख होती. शिक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात ती कधीच आली नाही. माझ्या मते तिची जागा तिथंच आहे, गणवेशाच्या वरती.

गणवेशाचं गेल्या काही वर्षांतलं उदाहरण ताजं आहे. २०२४-२५ ला ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड एकाच ठिकाणाहून आलं, शिवण भलतीकडेच, मापं चुकलेली, अर्धं वर्ष सरलं तरी पोरं जुन्याच कपड्यांत. शेवटी खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावी लागली. खावटीच्या बाबतीत हा घोळ परवडायचा नाही, कारण गणवेश दोन महिने उशिरा आला तर मूल जुना सदरा घालून येतं, पण खावटी दोन महिने उशिरा आली तर तोवर मुकादम येऊन गेलेला असतो.

तेव्हा करायचं ते जूनमध्ये. कुटुंबं वाडीवर परत आलेली असतात, सगळी घरं उघडी असतात. आधार, जन्मनोंद, गृहचौकशी, जातीचा दाखला यांची शिबिरं याच महिन्यात घ्यावीत, नोव्हेंबरात नव्हे. खावटीचे पैसे आषाढ संपायच्या आत बाईच्या खात्यावर पडावेत. जी घरं तरीही जातील, त्यांच्या मुलांसाठी हंगामी जेवणाची सोय दसऱ्याआधी ठरलेली असावी. आणि ही घरं कोणती, हे शोधायला नवं सर्वेक्षण नको, संस्था नको, ॲप तर नकोच. वाडीवरच्या प्रत्येक शाळेत गेल्या वर्षीचा हजेरीपट आहे. त्यात दिवाळीनंतर ज्या नावांपुढे सलग गैरहजेरी पडली आहे, तीच यादी पेणच्या प्रकल्प कार्यालयात न्यायची.